फितींची मोजणी : प्रकल्प नोंदी

२ जून

काल रात्री काकूंचा फोन. "अगं, कपाट उघडलं की आता वास यायला लागलाय. तुमचं ते अनुदान-बिनुदान काय मिळणार असेल ते लवकर बघा."

आमच्या सरांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, जाऊन सहा वर्षं झाली. पंचवीसेक वर्षं फिरून त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली गाणी, कहाण्या, पाळणे आणि कोडी तीन ट्रंकांत आणि एका कपाटात पडून आहेत. काही स्पूल, म्हणजे उघड्या रिळांवर गुंडाळलेल्या फिती, बाकी सगळ्या कॅसेट. एकूण किती, विचारलं तर काकू म्हणाल्या, "सातशे तरी असतील."

म्हणून आज ही वही घातली. माणसं अशी : अर्ज आणि कागदपत्रं माझ्याकडे, यंत्रं आमच्या ध्वनितंत्रज्ञ मित्राकडे, हिशेबाला एक ताई अर्धवेळ येणार. आणि काकू.

५ जून

दिवसभर निधींच्या अटी वाचल्या. सांस्कृतिक वारशासाठी पैसा देणारे बरेच आहेत, पण आपण नेमके कोणाच्या चौकटीत बसतो हे ठरवताना बहुतेक गळून जातात.

युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारसा कराराखाली मदत मिळते. १ लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची मागणी समितीचा ब्युरोच (समितीतलं छोटं मंडळ) मंजूर करतो, त्यासाठी वार्षिक बैठकीची वाट बघावी लागत नाही. पण मागायचं देशाच्या सरकारने, आमच्यासारख्या चौघांनी नाही. जागतिक वारसा निधीचंही तेच, शिवाय तो स्थळांसाठी. जिनिव्हात २०१७ मध्ये निघालेल्या 'अलिफ' या निधीचा भर युद्धात सापडलेल्या वारशावर. ब्रिटिश लायब्ररीतला 'एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' २००४ पासून चालू आहे, पण त्यांचा ओढा जुन्या, आधुनिकतेच्या आधीच्या साहित्याकडे. आमच्या फिती त्या मानाने कालच्या. त्याचंच धाकटं भावंड म्हणावं असा 'मॉडर्न एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयात २०१८ मध्ये सुरू झाला, विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी. दोन्हींच्या मागे पैसा 'अर्केडिया' या दाननिधीचा. दोन्हीकडे एक अट सारखी : मूळ वस्तू देशाबाहेर न्यायची नाही, बाहेर जाईल ती प्रत. हे वाचून हायसं वाटलं, कारण काकूंचा पहिला प्रश्न तोच असणार होता.

थोडक्यात, 'वारसा' या शब्दाला कोणी पैसे देत नाही. वस्तू किती जुनी, तिला धोका कशाचा आणि अर्ज करणारा कोण, एवढंच बघतात.

तीन ठिकाणं निवडली. नावं इथे लिहीत नाही. निकाल लागेपर्यंत नाव घेऊ नये असं हिशेबाच्या ताईंचं म्हणणं.

८ जून

अर्जातला दुसराच प्रश्न : एकूण वस्तू किती? 'अंदाजे' हा शब्द चालणार नाही असं खाली बारीक अक्षरात. मोजायला जायचं ठरलं.

११ जून

पहिली ट्रंक. मोजणी म्हणजे तासाभराचं काम अशा समजुतीने गेलो आणि संध्याकाळपर्यंत ६४ कॅसेट झाल्या.

प्रत्येक कॅसेट हातात घ्यायची, खिडकीतून फीत बघायची, पांढरी भुरी आहे का, फीत पिळली आहे का. मग उघड्या कडेकडून आतली फेल्टची गादी बघायची. धातूच्या पातळ पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो, तो फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तो तुकडा गळून पडतो आणि मग कॅसेट वाजते पण आवाज गोधडीतून आल्यासारखा. ६४ पैकी १९ गाद्या सुटलेल्या. काही तर डबीतच खुळखुळत होत्या, त्या टिपायला चिमटा लागला.

लेबलं वाचताच येईनात. सरांचं अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलेलं असं : 'म. ३ वि. दु.' किंवा 'ध. मोठी, पुन्हा'. हे काय, असं काकूंना विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "म. म्हणजे मंजुळाबाई. तिसऱ्यांदा गेले तेव्हाचं. विहिरीपाशी, दुपारी. मीच होते की मायक्रोफोन धरून."

हे मी वहीच्या समासात लिहून ठेवलं आणि पुढची कॅसेट उचलली. त्या क्षणी ते मला गोड आठवण वाटलं होतं, माहिती नाही.

१४ जून

ट्रंका संपल्या. कपाटातले स्पूल आज. मित्राने एकेक स्पूल दिव्यासमोर धरला. कडेने उजेड आरपार आला तर फीत ॲसिटेटची, अंधार राहिला तर पॉलिएस्टरची. २३ पैकी ६ ॲसिटेटच्या निघाल्या आणि काकू म्हणत होत्या तो वासही त्यांचाच, चक्क व्हिनेगरचा. ॲसिटेट सडायला लागलं की ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते शेजारच्या फितींनाही लागतं. सहाही आज वेगळ्या खोक्यात, वेगळ्या खोलीत.

पॉलिएस्टरच्या १७ पैकी ४ चिकट. चुंबकी पूड धरून ठेवणारा लेप हवेतला ओलावा पिऊन विरघळायला लागलेला. डेकवर, म्हणजे वाजवायच्या यंत्रावर, लावली की किंचाळते, थांबवली नाही तर लेप हेडवर सोलून बसतो. यावर उपाय भाजण्याचा : सुमारे ५० अंशांवर, तापमान स्थिर ठेवणाऱ्या भट्टीत, काही तास. त्यानंतर थोडे आठवडे फीत शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. ॲसिटेट मात्र चुकूनही भाजायची नाही. म्हणून तर दिव्यासमोर धरायचं.

१५ जून

आकडा ३६१. कॅसेट ३३८, स्पूल २३. सातशे नाहीत.

काकू जरा हिरमुसल्या. "मग बाकीच्या गेल्या कुठे?" कुठे गेल्या नाहीत. पंचवीस वर्षांची पायपीट सातशेच्या खाली मनाला पटत नाही, इतकंच.

१८ जून

३३८ मधल्या ५२ बाजारातून आणलेल्या छापील कॅसेट, म्हणून बाजूला काढल्या. चहाच्या वेळी मित्र त्या चाळत बसला आणि ओरडला. बाजारी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन खाचा उघड्या असतात, म्हणजे तिच्यावर काही मुद्रित होऊ नये. इथे ९ कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावलेली. सरांकडे कोऱ्या कॅसेट संपल्या की ते छापील कॅसेटवरच उतरवून घ्यायचे! वर सिनेमातल्या गाण्यांचं चित्र आणि आत कोणा म्हातारीचा पाळणा.

त्या ९ परत आत. आपल्या कॅसेट २९५, अधिक स्पूल २३, एकूण ३१८. या नोंदीच्या पहिल्या ओळीत आम्ही त्या नऊ जवळजवळ टाकून दिल्या होत्या, हे इथे तसंच राहू दे.

२६ जून

अंदाजपत्रक. ३१८ वस्तूंचे साधारण ३३० तास. कॅसेट उतरवायला ती वाजेल तेवढा वेळ लागतोच, त्याला सुटका नाही. साफसफाई, गादी बदलणं, प्रत्येक कॅसेटगणिक अझिमथचा, म्हणजे हेडच्या कोनाचा, स्क्रू फिरवून आवाज मोकळा करणं आणि उतरवल्यावर तपासणं धरलं की एका तासाला तीन तास. म्हणजे हजार तास. एक माणूस दिवसाला सहा तास बसला तर १६५ दिवस.

जागा तर किरकोळ. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल, ब्रॉडकास्ट वेव्ह फाइल : तासाला सुमारे २ जीबी. सगळं मिळून ६६० जीबी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, तरी २ टीबीत काम संपतं.

आणि तरीही अर्जाच्या नमुन्यात उपकरणांसाठी दीड पान आहे, माणसांसाठी चार ओळी. मनुष्यबळावर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त खर्च चालणार नाही. मित्र म्हणतो, तीन डेक मागू या, मिळतील. मी म्हणाले, आणि बसणार कोण त्यांच्यासमोर?

डेकचीही अडचण खरी आहे म्हणा. नवे चांगले डेक आता निघत नाहीत, जुने मिळवून रबरी पट्टे आणि फीत ओढणारे पिंच रोलर बदलून उभे करावे लागतात. युनेस्को आणि आयासा या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता की २०२५ च्या आसपास चुंबकी फिती वाजवणं अवघड होऊन बसेल. फिती टिकतील, पण यंत्रं, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपतील.

३ जुलै

सूचीचा खर्च कसा मांडायचा यावर वाद. मी 'सूचीकरण : १ सहायक, ४ महिने' असं लिहिलं होतं. सहायकाला 'म. ३ वि. दु.' म्हणजे काय ते कोण सांगणार? काकू. मग काकूंना मानधन का नाही? तर अट आहे : संग्रहाच्या मालकाला वा त्याच्या कुटुंबाला निधीतून पैसे देता येणार नाहीत. अट कशासाठी हे कळतं, लोक स्वतःच्याच घरच्या वस्तूंचे पैसे लावतील. पण इथे त्यामुळे असं झालं की ज्या एका माणसाशिवाय काम अडेल, त्याच माणसाच्या रकान्यात शून्य.

काकूंना सांगितलं. "मला नकोयत गं पैसे," म्हणाल्या. मला ते उत्तर पुरलं नाही. 'संग्रहाची जाणकार' असं पद लिहून अर्जात कारण जोडलं, बघू.

२० जुलै ते ३० ऑगस्ट

प्रस्तावाचे सात मसुदे. सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. 'प्रभाव' या रकान्यात किती लोकांपर्यंत पोचणार ते आकड्यात हवं होतं. पहिल्या मसुद्यात आम्ही मोठा आकडा ठोकला, चौथ्यात तो खोडला.

१४ सप्टेंबर

अर्ज गेला. मुदतीच्या आदल्या दिवशी रात्री पावणेअकराला.

२९ नोव्हेंबर

नकार. दोन ओळींचा अभिप्राय : संग्रहाचा आवाका मर्यादित, आणि आशयाची सूची नसल्याने महत्त्व जोखता येत नाही.

आज रागात बरंच लिहिलं होतं, ते पान फाडलं. सूचीसाठी पैसे मागितले तर म्हणतात आधी सूची दाखवा.

पण दुसरं वाक्य पुन्हा वाचलं. आम्ही स्वतः तरी सांगू शकत होतो का, या ३१८ मध्ये नेमकं काय आहे? सातशेचे ३१८ झाले, बाजारी कॅसेटमध्ये नऊ सापडल्या, हे सगळं मोजल्यावर कळलं. आशय आम्ही मोजलाच नव्हता. टीकाकाराचं बरोबर आहे असं म्हणायला जीभ वळत नाही, पण चूक आहे असंही म्हणवत नाही.

२ डिसेंबर

काकूंना नकाराचं सांगायला गेले होते. त्या ऐकून घेत म्हणाल्या, "बरं. मग उद्यापासून काय?"

एक डेक मित्राचा स्वतःचा आहे. २० कॅसेट बिनपैशाने करून बघायच्या, वेळ घड्याळ लावून मोजायचा.

९ डिसेंबर

पहिली उतरवली. हेडफोन काकूंच्या कानात. एक बाई गाते आहे, मागे कुठे तरी रहाटाची कुरकुर. लेबल : 'म. ३ वि. दु.' काकूंनी दोन कडवी ऐकली आणि हेडफोन काढले. "ही मंजुळाबाई नव्हे. हिची धाकटी जाऊ आहे ही. मंजुळाबाई ठसकली होती ना त्या दिवशी, घसा बसला होता तिचा, म्हणून जावेने म्हटलं. मंजुळाबाई मागून शब्द सांगतेय, ऐक."

पुन्हा लावलं. खरंच, प्रत्येक ओळीच्या आधी दुसरा एक बसका आवाज, अर्धा शब्द पुढे. आम्हाला तो फितीचा प्रिंट-थ्रू वाटला होता, म्हणजे गुंडाळीतल्या शेजारच्या वेढ्याचा उमटलेला पडसाद. मित्र तो साफ करायच्या बेतात होता.

त्याने साफसफाईची खिडकी गुपचूप बंद केली. यापुढे मूळ फाइलला हात लावायचा नाही, गाळणं-घासणं करायचं ते प्रतीवर, असं दारावर लिहून लावलं. आयासाच्या मार्गदर्शक नियमांत हेच लिहिलेलं आहे आणि आम्ही ते वाचलेलंही होतं.

१७ जानेवारी

२० कॅसेट पूर्ण. आवाज २० तासांचा, उतरवायला ५८ तास, सूचीला ८६ तास.

सूचीत प्रत्येक कॅसेटमागे : कोण गातं, कोण शेजारी आहे, पहिली ओळ, कोणत्या मिनिटाला काय, सरांनी विचारलेले प्रश्न. २० पैकी ७ लेबलांत गाणाऱ्याचं नाव चुकीचं किंवा अपुरं. हे प्रमाण पुढेही राहिलं तर यंत्राचं काम हजार तासांचं आणि काकूंसोबत बसण्याचं चौदाशे तासांचं. काकू ७८ वर्षांच्या आहेत. हेही अर्जात लिहायचं का? लिहिलं. धोक्याच्या रकान्यात व्हिनेगर आणि ओलाव्याच्या वर.

५ फेब्रुवारी

दुसरीकडे, पूर्वतयारीच्या छोट्या निधीसाठी अर्ज. या वेळी रक्कम कमी, मुदत सहा महिने, आणि जोडीला २० कॅसेटची सूची. प्रस्ताव चार दिवसांत लिहून झाला.

११ फेब्रुवारी

वाट बघण्याच्या दिवसांत वाचलेलं एक. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला जळालं. सुमारे २ कोटी वस्तूंचा संग्रह, त्यातला बहुतेक गेला. आदिवासी भाषांची जुनी ध्वनिमुद्रणंही गेली, त्यातल्या काही भाषा बोलणारं कोणी उरलेलं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या विकास बँकेने दुरुस्तीसाठी २ कोटी १७ लाख रेआल मंजूर केले होते, आग विझवण्याच्या व्यवस्थेचा खर्च त्यातच होता. सही झाली होती, पैसे पोचायचे होते.

आज संध्याकाळी २० कॅसेटची तिसरी प्रत मित्राच्या बहिणीकडे ठेवून आलो.

२२ एप्रिल

निधी मिळाला. रक्कम मागितलेल्याच्या चार-पंचमांश. साठ टक्के आत्ता, चाळीस अहवालानंतर. 'संग्रहाची जाणकार' या पदावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : त्यांच्या तासांची नोंद कोण ठेवणार? हिशेबाच्या ताई म्हणाल्या, मी ठेवते. काकूंना मानधन मंजूर!

काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "किती ते नको सांगूस. सोमवारी किती वाजता येताय ते सांग."

६ मे

पहिला हप्ता जमा. दुसऱ्या डेकचे पट्टे आणि रोलर बदलले. दमटपणा मोजायचं यंत्र आणलं, ट्रंकेपाशी ७१ टक्के दाखवतंय. फितींना पन्नासच्या खाली हवं. आर्द्रता शोषणारं यंत्र अंदाजपत्रकात नव्हतं, 'आकस्मिक' मध्ये घातलं.

१९ मे

संमतीचं काम. सरांनी त्या काळी सगळ्यांना विचारून मुद्रित केलं होतं, पण 'मुद्रित करू का' आणि 'जगाला ऐकवू का' हे प्रश्न वेगळे. तेव्हा दुसरा प्रश्न कोणाच्या डोक्यातही नव्हता. निधीची अट : सगळं मुक्तपणे उपलब्ध करणं 'अपेक्षित'.

एका गाणाऱ्या बाईंची मुलगी फाइल ऐकून रडली आणि तीन प्रती मागून घेतल्या. दुसऱ्या एकींच्या नातवाने पैसे किती मिळतात विचारलं, रास्त प्रश्न होता, खरं उत्तर दिलं. तिसऱ्या घरी साफ नाही. "आईने ते बायकाबायकांत म्हटलेलं होतं. तुम्ही जपा, पण लावू नका कुठे."

असं बंधन मांडायची सोय आता आहे. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर घडवलेली 'मुकुर्टू' ही मोफत प्रणाली समाजाच्या आपल्या नियमांप्रमाणे कोण काय बघेल-ऐकेल ते ठरवू देते. आम्ही तेवढी मोठी प्रणाली उभी करणार नाही, पण सूचीत 'खुलं', 'घरच्यांसाठी', 'बंद' असा रकाना वाढवला. निधीवाल्यांना कळवलं. चार दिवसांनी उत्तर : बंद वस्तू एकूण पंधरा टक्क्यांच्या आत ठेवता येतील का? मी लिहिलं की तो आकडा आम्ही ठरवणार नाही, त्या बायकांची घरं ठरवतील. उत्तर आलेलं नाही.

३० जून

दोन दिवस काकू आजारी. सूची बंद. उतरवणं चालू राहिलं आणि न ऐकलेल्या फाइलींचा ढीग वाढला. यंत्र पुढे पळतंय. मित्राला सांगितलं, एक डेक बंद ठेव, स्पूल भाजायला घे तोवर.

८ जुलै

चिकट स्पूल चारही भाजून उतरवले. एक पूर्ण कोरा निघाला. दोन्ही बाजू, तासभर नुसती खरखर. सूचीत 'कोरी' असं लिहिताना काकू म्हणाल्या, "कोरी नव्हे. मायक्रोफोनची तार निघाली होती. मी धरला होता ना, मला कळलंच नाही. घरी येऊन ऐकलं तेव्हा हे चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी." तसंच लिहिलं, चार दिवस धरून.

१५ जुलै

काकू रोज दोनच तास बसणार. त्यांनीच क्रम ठरवला : ज्या फिती त्यांच्याशिवाय कोणालाच कळणार नाहीत त्या आधी. 'ध.' मालिका सगळी वर घेतली. अहवालात ठरलेला क्रम मोडला, त्याचा खुलासा जोडायचा आहे.

आज ४ उतरवून झाल्या. 'ध. मोठी, पुन्हा' ची गादी सुटली होती, वाया गेलेल्या एका कॅसेटमधली काढून बसवली. उतरवलेल्या १८०. उरल्या १३८.